हिरवा नवरा

(बेलपाड्यातलं घर. टीव्हीवर मस्कतहून आलेली कॅसेट चालू. पनवेलचा टीव्ही मेकॅनिक अमजद पिशवी उघडतो आहे. पारू आणि तिची मुलगी मैना समोर.)

पारू : लिंबू हाय, मोहऱ्या हायत, सुक्या मिरच्या हायत. आनखी काय लागल तुला?

अमजद : मावशी, मला फक्त प्लग लागतो. हे सामान कशाला?

पारू : मंग दृष्ट कशानी काढशील? आख्खा बेलपाडा कॅसेट बघून गेला. हिला मागनी घातलेल्या पोऱ्यानी हौसेनी मस्कतवरून पाठवली, नि दुसऱ्या दिवशी त्याचा गाल हिरवा.

मैना : दोन्ही गाल, आये. नि कपाल जांभलं.

पारू : तू गप बस. सांजला त्याचा मामा होकार न्यायला येतोय, नि ही म्हनते, हिरव्याशी लगीन नाय करनार.

अमजद : माणूस हिरवा नाही, ताई. पडदा बिघडलाय. टीव्हीला चिकटून एवढा मोठा स्पीकर कोणी ठेवला?

पारू : हिच्या बापानी. पाव्हन्यांना गानी नको ऐकवायला?

अमजद : त्याच्यात लोहचुंबक असतं. त्यानं रंग जागचे हलले. स्पीकर लांब ठेवला आणि ही तारेची गोल कॉइल पडद्यासमोर फिरवली की येतील ठिकाणावर. जरा सरका.

पारू : कडंच हाय की. मंत्र कुठला म्हनतोस?

अमजद : बिस्मिल्ला म्हणतो. चालेल?

पारू : चालल. संगतीनं मी मिरच्या उतरवते.

अमजद : उतरवा, पण कॉइलच्या बटणाला हात लावू नका. हळूहळू मागं जाऊन लांबूनच बंद करायचं. मध्येच बंद केलं तर नवरदेव पुन्हा रंगपंचमी खेळेल.

पारू : आल्यागेल्याची, पाप्याची, वरच्या आलीतल्या समद्यांची...

अमजद : मावशी, मिरच्या माझ्या नाकात जातायत.

पारू : जाऊ दे. कपाल निगालं बग.

अमजद : हनुवटी राहिली. हां, झालं. करतो बंद.

पारू : तुझा अल्ला नि आमची एकविरा, दोगं पावली. गोरा नाय, पन मानसासारखा हाय. तुझं कडं जरा आमच्या ह्यांच्यावरून बी फिरव. जमीन गेल्यापासून नुसते पडून असतात.

अमजद : ते टीव्हीवरच चालतं, मावशी.

मैना : दादा, कॅसेट मागं घ्या. ‘मी इथं मजेत हाय’ म्हनतो, तिथं.

अमजद : ही घ्या.

मैना : डोले लाल हायत त्याचे.

पारू : राहिला की रंग. फिरव परत.

अमजद : नाही मावशी. पडदा आता बरोबर आहे. आहेत तसेच दिसतायत.

मैना : हिरवा होता तवा कललंच नाय. रडून बसलाय तो कॅमेऱ्यासमोर.

पारू : मंग मामाला काय सांगू?

मैना : हो सांग. नि त्याला म्हनावं, पुढच्या कॅसेटीत मजेत हाय म्हनू नको.