दोन कॉलेजं आणि माझी गाठ

...आणि वर माझा मुलगा मलाच सांगतो, "आई, तू मध्ये बोलू नकोस!" मी? मध्ये? अहो, तुम्हाला सांगते, त्या अख्ख्या प्रकरणात मी एक शब्द बोलले नाही! नात माझी, माझ्या मांडीवर वाढलेली, निघाली ब्रिटनला शिकायला, कॉलेज निवडायचं समुद्रापलीकडचं, आणि घरात मत कुणाकुणाला? तिच्या बापाला मत, टाय लावलेल्या त्या सल्लागाराला मत, कॉलेज कशाशी खातात ते ज्याला ठाऊक नाही त्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालासुद्धा मत... आणि मी तेवढी गप्प बसायची! का? तर म्हणे मी तिसरी शिकलेली. बरं बाबा, बसले गप्प.

आणि पोरगी आता कोण? तर इंटरनॅशनल स्टुडंट! फॉर्मवर तसं छापूनच आलंय. कालपरवापर्यंत कोपऱ्यावर दूध आणायला पाठवली तर एक चप्पल तिथेच विसरून यायची, ती इंटरनॅशनल! आणि शिकायचं काय, तर जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं. उसवायची, साफ करायची, शिवायची, बांधायची. अहो, मग मी चाळीस वर्षं काय करतेय? झोपा काढतेय? खाली माझं बाइंडिंगचं दुकान आहे, वर घर आहे, पोरगी रांगायला लागली ती पुठ्ठ्यांच्या ढिगातून, पहिला घास खाल्ला असेल तो चिकटवायच्या खळीचा, आणि शिवायला शिकायला विमानात बसायचं? पण मी एक शब्द बोलले नाही. इतकंच म्हटलं, "जा की, तिकडच्या सुया सोन्याच्या असतील." हे काय बोलणं झालं?

थांबा, मी कशी शिकले ते सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. लग्नानंतर छापखान्यात कामाला लागले. काम काय, तर फर्मे मोडायचे, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालायच्या. धड वाचायला शिकले ती त्या कागदांवरच. आणि त्या कागदावर पानं कशी असतात ठाऊक आहे? एक नंबरच्या शेजारी सोळा! त्यामुळे मी वाचलेल्या पहिल्या कादंबरीत नवरा आधी मेला, मग त्याचं लग्न झालं, आणि बायकोची ओळख शेवटी! मला वाटलं, असेल बाई, शिकलेल्या लोकांत असंच होत असेल.

तर घड्या बायकांच्या आणि शिलाई पुरुषांची. शिलाईचा मास्तर असा खडूस, असा खडूस, की मुद्दाम आमच्याकडे पाठ करून बसायचा. बायकांनी बघितलं तर शिकतील ना! मला दिसायचं काय, तर त्याची पाठ आणि उजवं कोपर. एवढंच. पण मी सोडते? कोपर असं गेलं, सुई आत. असं आलं, सुई बाहेर. आणि दर फर्म्याच्या शेवटी ते कोपर एकदा उडायचं, फट्! मी ओळखलं, इथे गाठ मारतोय. घरी येऊन रद्दीवर दोन वर्षं शिवत बसले. आणि मग काढलं दुकान! माझी गाठ अशी की पुस्तक फाटेल पण गाठ सुटायची नाही. शाळा, कचेऱ्या, वकील, सगळे यायचे. "बाई, तुमचीच गाठ हवी." कुणी शिकवलं? कुणी नाही! पाठमोऱ्या माणसाकडून विद्या काढून आणलीय मी!

हं, तर कॉलेज. आधी त्या टायवाल्यानं आम्हाला एका हॉटेलच्या हॉलमध्ये नेलं. तिथे रांगेनं टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक हसणारं माणूस, आणि प्रत्येक जण हातात पेन कोंबतोय. टायवाला म्हणतो, "आजी, आधी रँकिंग बघायचं, रँकिंग! हे बघा, हे सातवं, हे अकरावं, हे गेल्या वर्षी चाळिसावं होतं, आता एकतिसावं!" मी विचारलं, "खळ चांगली कोण शिजवतं, त्याची यादी आहे का?" तर हसला. मला म्हणतो, "आजी फार क्यूट आहेत." क्यूट! मी!! तरी मी एक शब्द बोलले नाही. समोर सातव्या नंबरच्या कॉलेजचं गुळगुळीत पुस्तक पडलं होतं, ते उचललं, पाठीवरून नुसता अंगठा फिरवला, तर चार पानं हातात! नुसता डिंक लावलेला! ज्यांना स्वतःचं पुस्तक बांधता येत नाही ते माझ्या नातीला काय बांधायला शिकवणार? टायवाला म्हणतो, "अहो आजी, ते फुकट वाटायचं आहे!" म्हटलं, "मग अक्कल तेवढी विकत देता वाटतं?"

नातीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

असं करता करता दोन उरली. एक मोठं कॉलेज. मोठं म्हणजे, नाव घेताना टायवाला आधी टाय सरळ करायचा. दुसरं लहान, वर्गात बारा मुलं, आणि फोटोत इमारत कशी, तर जुन्या गोदामासारखी. दोघांनीही मुलाखत घेतली, कॉम्प्युटरवर. जेवायच्या टेबलावर ती, समोरच्या खुर्चीत मी, आणि मला ताकीद काय, तर "आजी, खोकायचंसुद्धा नाही." इंग्रजी मला येतं बरं का, पण वाचायला, तेही छापखान्यातल्या कागदांवरून उचललेलं. ऐकायला नाही येत, माणसं फार घाईत बोलतात.

मोठ्या कॉलेजचा प्रोफेसर हसरा. पोरीनं माझ्याकडून शिकलेली गाठ मारून स्वतः शिवलेलं पुस्तक उलगडून दाखवलं, तर तो खुर्चीतून उठायचाच बाकी राहिला! काय हात उडवतोय, काय माना हलवतोय! मुलाखत संपली तशी ही नाचत आली, "आजी, आजी, ते म्हणाले ही गाठ त्यांनी आयुष्यात बघितली नाही! म्हणाले, फार सुंदर परंपरा आहे, अशीच जप!" परंपरा! मी परंपरा! तुम्हाला खोटं नाही सांगत, चार दिवस मी दुकानात गिऱ्हाइकाशी धड बोलले नाही, इतकी फुगले होते.

लहान कॉलेजची बाई वेगळी. कपाळावर चष्मा, कानामागे पेन्सिल. हसली नाही. हातानंच खुणावलं, पुस्तक जवळ धर, आणखी जवळ धर, मग चष्मा डोळ्यांवर ओढून टाका न् टाका बघितला, आणि मग हळूहळू काहीतरी सांगत राहिली. पोरगी नुसती मान हलवतेय, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मुलाखत संपल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली गं?" "काही नाही. तिलाही आवडलं." आणि भांडी घासायला उठली. ही! भांडी! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोन्हीकडून प्रवेशाची पत्रं आली. शुक्रवारी दुपारपर्यंत एकाला हो म्हणायचं, दुसरं हातचं गेलं. पोरीनं लगेच जाहीर केलं, "मोठं." बाप खूश, टायवाला खूश, वरच्या मजल्यावरचा खूश. मीही खूश. जिथे माझ्या गाठीचं कौतुक झालं तिथेच जाणार ना माझी नात? मी एक शब्द बोलले नाही.

गुरुवारी तिनं दोन्ही पत्रं छापून फाइलला लावायला माझ्याकडे दिली. म्हणजे दिलं एकच. दुसरं प्रिंटरमध्येच राहिलं होतं, ते मी उचललं. आता माझ्या हातात छापील कागद आला आणि मी वाचला नाही असं झालंय कधी? लहान कॉलेजचं पत्र. त्या पेन्सिलवाल्या बाईनं खाली चार ओळी स्वतःच्या लिहिल्या होत्या. शब्दकोश घेऊन बसले. तोही माझाच, रद्दीतून उचललेला, मी पहिल्या वर्षी शिवलेला. एकेक शब्द काढत गेले, आणि अर्थ लागला तो असा... "तुझा हात उत्तम आहे. पण दर फर्म्याच्या शेवटी तू गाठ मारतेस. तिथे गाठ नसते, दोरा नुसता खालच्या टाक्यात अडकवून पुढे न्यायचा असतो. ही गाठ घडीतला कागद कापते. पुस्तक वीस-तीस वर्षांनी तिथूनच फाटेल. ज्यांनी तुला शिकवलं, त्यांना ही जागा कुणी कधी दाखवलेली दिसत नाही. हे इथे आधी विसरावं लागेल."

मला आधी राग आला. आला म्हणजे काय, मी कागद चुरगळला! कोण ही? कुठली? चाळीस वर्षं... आणि मग म्हटलं, तो एक शब्द नीट बघू, आपलाच अर्थ चुकला असेल. शब्दकोश पुन्हा उघडला, पान उलटलं, आणि पान हातात आलं. घडीतून. बरोबर गाठीपाशी. गाठ मात्र जागच्या जागी, घट्ट! पुढचं उघडलं, तेही कापलेलं. त्याच्या पुढचंही. अहो, इतकी वर्षं मी समजत होते की मी फार वाचते म्हणून पानं सुटतात!

शाळा डोळ्यांसमोर आल्या, कचेऱ्या आल्या, कपाटंच्या कपाटं आली, आणि त्या सगळ्या पुस्तकांतून माझी गाठ बसलीय हळूहळू कागद कापत... आणि ते कोपर! गाठ नव्हतीच हो ती. तो मास्तर मेला नुसता दोरा अडकवून ओढत होता. मला बोटं दिसली असती तर... सांगा ना, फक्त बोटं दिसायला हवी होती.

शुक्रवारी सकाळी पोरीला समोर बसवली. चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला. तिचं तोंड उतरलं.

"तू वाचलंस?"

"तिसरी शिकलेय, आंधळी नाहीये. मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की तुझी गाठ चुकीची आहे? तुला? आजी, मी तिथे नाही जाणार. तिथे मला तुझं सगळं विसरायला लावतील."

"आणि त्या हसऱ्याकडे जाऊन काय करशील? माझी चूक जपशील? आणखी चाळीस वर्षं पुस्तकं कापशील?"

रडायला लागली. मी विचारलं, "एकच सांग. ती बाई शिकवताना कुठे बसते?" "म्हणजे?" "म्हणजे पाठ करून बसते की तोंड करून?" तर म्हणाली, "समोर बसते गं. मुलं तिच्या टेबलाभोवती उभी राहतात." म्हटलं, मग झालं तर! ह्याच्यापुढे रँकिंग ते काय असतं!

बाप आला धावत, "आई, एवढं मोठं नाव सोडायचं? लोक काय म्हणतील? आणि तू मध्ये..." मी त्याला सांगितलं, "तू तुझ्या ऑफिसातले विम्याचे कागद सांभाळ, हे माझ्या धंद्यातलं आहे." आणि हो, तेव्हा बोलले! भरपूर बोलले! वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. साडेअकराला पोरीनं लहान कॉलेजला हो कळवलं. टायवाला म्हणे दोन दिवस फोन उचलत नव्हता.

गेली. दारात गाडी उभी, सामान आत, आणि ही माझ्या गळ्यात पडून विचारते, "आजी, राहू का गं इथेच?" तुम्हाला सांगते, एकच शब्द होता. राहा. तोंडात होता, अगदी दातांपाशी... तेव्हा मात्र खरोखर, देवाशपथ, मी एक शब्द बोलले नाही.

आता दर रविवारी फोन करते. चेहरा दाखवत नाही आधी, हात दाखवते, टाका कसा घालायचा ते शिकवते मला. "आजी, आता दोरा खालून घे. अडकव. ओढ. बास, गाठ नाही!" मी बघते, मला सगळं दिसतं, सगळं कळतं, डोक्यात लख्ख बसतं. सुई घेते, दोरा खालून घेते, अडकवते... आणि बोटं आपली गाठ मारून मोकळी! पुन्हा उसवते, पुन्हा गाठ! ती तिकडून ओरडतेय, "आजी, गाठ नाही, गाठ नाही!" आता ह्या बोटांना मी काय सांगू? चाळीस वर्षं मी कुणाचं ऐकलं नाही, ती तरी माझीच आहेत ना!