तिसऱ्या गिअरवरचा हात

...नाही, पण मी म्हणतो, निसटत होता तर निसटू द्यायचा होता ना! कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी? तुम्हाला सांगतो, आमची पिकअप, डिझेलची, आमच्या लग्नापेक्षा वयाने थोरली. चढ लागला की तिचा तिसरा गिअर खाडकन निसटायचा! मागे कुंड्या, मातीची पोती... रोपवाटिका आहे ना आमची, आणि गिऱ्हाइकं सगळी नेमकी घाटाच्या वर राहणारी! मग काय, आमची ही शेजारी बसायची आणि घाटभर दोन्ही हातांनी गिअरचा दांडा दाबून धरायची. म्हणजे गाडी चालवायचो मी आणि तिसरा गिअर चालवायची ती.

गाडी चढायची कशी म्हणता? रांगत! शेजारून सायकलवाला पुढे जायचा आणि वर मागे वळून विचारायचा, "येताय ना?" पण तेवढ्यात आमचं सगळं बोलून व्हायचं हो! लेकीचं कॉलेज, तिच्या मामाचा हेकटपणा, माझं घोरणं... भांडण पायथ्याशी सुरू व्हायचं, मध्यावर रंगात यायचं आणि माथ्यावर मिटायचं, कारण दांडा सोडून तोंड फिरवून बसायची सोयच नव्हती! हे सगळं, बरं का, त्या तिसऱ्या गिअरपायी!

मग एकदा तिचं मनगट सुजलं. ओला टॉवेल पिळता येईना. तो मी पिळून वाळत टाकला. तडक गेलो मिस्त्रीकडे. त्याच्या तोंडात कायम एक बोल्ट, सिगरेट सोडल्यापासून! "गिअरबॉक्श गेला, शेठ. पाच गिअरचा टाकू." म्हटलं, टाक. "एवढा दणकट बॉक्श, आणि इंजिन अशं दमेकरी? डिझेलचा पंप वाढवू, टर्बो बशवू." म्हटलं, बसव. "मग क्लच पण मोठा लागणार!" गेलो होतो एका गिअरसाठी आणि आलो अख्खी गाडी आतून नवी करून... बाहेरून गंज तोच!

पहिल्या खेपेला हिला बसवलं. घाट लागला, सवयीने तिने हात पुढे केले. मी ऐटीत म्हणालो, "राहू दे, आता तू आराम कर." आणि दाबला पाय! अहो, गाडी कसली, उधळलेला बैल! सायकलवाला मागे, ट्रक मागे, आमच्याच दोन कुंड्या रस्त्यावर मागे! ही म्हणाली, "अहो, लेकीच्या कॉले..." आणि माथा आला!

दुसऱ्या दिवशी गाडी काढली, तर म्हणते, "माझं काय काम आता तिथे? जा तुमचे तुम्ही." रागावून म्हणाली असती तर बरं. पण नाही! झारी उचलली आणि गेली रोपांना पाणी घालायला.

मग काय, एकटाच. काय तो वेग, काय ती ताकद, आणि शेजारच्या सीटवर कोण? खताचं पोतं! पोत्याशी काय भांडणार, सांगा! मला करमेना, खरंच करमेना. त्या तिसऱ्या गिअरपायी! शेवटी मिस्त्रीला म्हटलं, "बाबा रे, जरासा सैल करून दे." त्याच्या तोंडातला बोल्टच पडला. "चांगला बसवलेला गिअर बिघडवू? शेठ, घरी जा!"

घरी गेलो आणि सरळ थाप मारली. "अगं, तिसरा परत निसटतोय."

"नव्या बॉक्सचा?"

"हो ना... काय सांगू!"

तिने माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग झारी खाली ठेवली. "वाटलंच होतं मला. माझ्याशिवाय तुमच्याने होणार आहे का काही?" आणि पोतं मागे ढकलून बसलीसुद्धा!

आता घाट लागला की ती दांड्यावर हात ठेवते. एकच, तोही अलगद. गिअर हलत नाही, हे तिला कळतं. तिला कळतंय, हे मला कळतं. त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही... बाकी तोंडं चालूच!

फक्त एक घोटाळा झालाय. चौथा टाकायला गेलो की ती दांडाच सोडत नाही! "राहू द्या तिसऱ्यातच, निसटेल बरं!" एवढा टर्बो, एवढा पंप, आणि पाचवा गिअर तर मी अजून नीट बघितलासुद्धा नाही! काल घाटात तोच सायकलवाला शेजारून पुढे गेला. वर मागे वळून म्हणतो कसा, "येताय ना?"

म्हटलं, हो बाबा... येतोय!