वेशीतून पहिला मान

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे ज्येष्ठ श्री. रामराव पाटील, तीर्थपुरीहून दुकान सोडून आलेले प्रमुख पाहुणे शांतिलाल शेठजी, केंद्रप्रमुख साहेब, शिक्षकवृंद, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणी, मागं शाळेच्या भिंतीला टेकून उभे असलेले बापे, खिडकीच्या गजांना लोंबकळणारी लेकरं, आणि इथून कधीही उठून पळून जातील अशा चेहऱ्यानं खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेल्या आपल्या मुख्याध्यापिका प्रभावती मॅडम, आपणा सर्वांना या दैवशालेचा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालक सरांनी आत्ता जाहीर केलं की, "दैवशालाताईंना व्यासपीठावर आणण्यात यावं." सर, आपल्या शब्दाचा मान राखून सांगते, मला कुणी आणलं नाही. मी माझ्या खुर्चीची चाकं माझ्या हातानं ढकलत, या रॅम्पवरून, माझी मी आले. सामान आणतात. माणूस येतो. हा फरक या गावाला ज्यांनी शिकवला त्यांनाच आज आपण निरोप देऊन राह्यलो, म्हणून सुरुवातीलाच बोलून टाकलं. राग नसावा.

मला ओळखत नाही असं इथं शेठजींशिवाय कुणी नसेल. शेठजी, मी नदीकडच्या गल्लीत शेवटच्या घरात राहते. शिलाईकाम करते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांनी रजा घेतली, ती अजून संपली नाही. माझ्या दारातून गोदामाई दिसते. उन्हाळ्यात ती लांब, वाळूच्या पलीकडं असते. पावसाळ्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की ती माझ्या उंबऱ्याशी येऊन बसते. माझे वडील होते तोवर मला काळजी नव्हती. पाणी आलं की ते मला पाठुंगळी घ्यायचे आणि या शाळेच्या टेकाडावर आणून ठेवायचे. वडील गेले. नंतर प्रत्येक पावसाळ्यात माझ्यापुढं एकच प्रश्न असायचा. पाणी आलं तर मला कोण उचलणार? आणि खरं सांगते, त्याचं उत्तर मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणी आलं तर म्हणायचं, "आधी लेकरंबाळं न्या, म्हातारी न्या, मंग माझं बघा." ही माझी माणुसकी नव्हती. कुणाला ओझं व्हायचं नाही, एवढाच हट्ट होता.

मॅडम या शाळेत आल्या तेव्हा पहिल्याच पावसाळ्याआधी त्यांनी ग्रामसभेत विषय काढला. पूर आला तर गाव या शाळेत यायचं, हे सगळ्यांना ठाऊक. पण ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांनी कसं यायचं? मग कुणीतरी म्हणालं, "त्येंच्या घरचे आणतेत की, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "बरं, मग एकदा करूनच बघू." आणि ठरली पुराची रंगीत तालीम!

ती तालीम आठवते का? हसताय म्हणजे आठवते. पंचायतीचा भोंगा वाजला. लोक बोचकी घेऊन घराबाहेर पडले आणि वेशीपाशी येऊन थांबले. सगळं गाव थांबलं! मॅडम टेकाडावरून हाका मारून राह्यल्या, "या की वर! पाणी आलंय!" कुणी हलेना. कारण काय? तर पाटलांचा ट्रॅक्टर अजून आला नव्हता. आपल्याकडं पोळ्याला पाटलांची मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसरा बैल वेस ओलांडत नाही. ती सवय पायात इतकी मुरलेली की पुराच्या तालमीतही लोक पाटलांच्या पुढं जाईनात. आणि पाटलांचा ट्रॅक्टर? तो सुरूच होईना. अध्यक्षमहाराज, आपण मान हलवताय, म्हणजे मी बराबर सांगतेय. खरं पाणी असतं तर आख्खं गाव शिस्तीत, एकमेकांना मान देत देत बुडालं असतं.

शेवटी ट्रॅक्टर आला. मला उचलून ट्रॉलीत ठेवलं. फार प्रेमानं ठेवलं, तक्रार नाही. माझं शिलाई मशीनही आठवणीनं चढवलं, महागाची वस्तू म्हणून. शाळेत आलो, मला वर्गात फरशीवर बसवलं, मशीन माझ्याशेजारी. आणि माझी चाकाची खुर्ची? ती घरी! दिवसभर मी त्या फरशीवर बसून होते. पाणी प्यायचं तरी हाक मारायची, बाहेर जायचं तरी हाक मारायची. तिसऱ्यांदा हाक मारायची लाज वाटली म्हणून मी पाणीच प्यायले नाही. उषाबाईंना दिसत नाही, तर त्यांना दोघांनी दोन हातांना धरून असं ओढत आणलं की त्यांची चप्पल वाटेत राहिली. आणि भुजंगभाऊ! त्यांना ऐकू येत नाही. भोंगा वाजला, गाव रिकामं झालं, आणि हे आपले नदीकाठी शेळ्या चारून राह्यले. संध्याकाळी घरी आले तर गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. गाव मला सोडून कुठं गेलं, म्हणून बिचारा माणूस दारात बसून रडला.

दुसरं कुणी असतं तर फोटो काढून, अहवाल पाठवून मोकळं झालं असतं. मॅडम त्या संध्याकाळी माझ्या घरी आल्या. मी चिडलेली होते. म्हणाले, "मॅडम, मला पुन्हा नेऊ नका. माझे पाय म्हणजे ती खुर्ची. पाय घरी ठेवून मला कशाला नेता?" मॅडम एवढंच म्हणाल्या, "चुकलं आमचं. सांग, कसं न्यायचं?" मला जन्मात तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. लोक मला "कुठं न्यायचं" विचारायचे, "कसं" कुणी विचारलं नव्हतं. मग आम्ही बोललो. मॅडम उषाबाईंकडं गेल्या, भुजंगभाऊंकडं गेल्या. आधी चाकं, मंग बाई, हा नियम माझा. मला ओढू नका, मी तुमच्या खांद्यावर हात ठेवते, तुम्ही फक्त चाला, हा नियम उषाबाईंचा. आणि गळ्यापर्यंत दोन्ही तळहात वर नेले की पाणी चढतंय, ही खूण भुजंगभाऊंची. ती आज या शाळेतल्या पहिलीच्या लेकराला पण येते. आमच्या प्रत्येकाच्या दारामागं खुंटीला एक पिशवी आली. त्यात गोळ्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स, बॅटरी, कोरडे कपडे. शेठजींनी त्यांच्या गोदामातली कापसाच्या गाठी चढवायची लोखंडी फळी दिली, तिच्यावरून माझी खुर्ची सरळ ट्रॉलीत चढायला लागली. शेठजी, ती फळी तुम्ही अजून परत मागितली नाही. मागूही नका.

पण वेशीचं काय? तिथला पेच मोठा होता. मॅडम पाटलांच्या ओसरीवर गेल्या. मी सोबत होते, म्हणून ऐकलेलं सांगते.

मॅडमनी विचारलं, "पाटील, पोळ्याला पहिला मान बैलाचा का घराचा?"

पाटील म्हणाले, "घराचाच की. बैल बदलतेत, मान न्हाई बदलत."

"मग पुरातसुद्धा पहिला ट्रॅक्टर तुमचाच जाऊ द्या. फक्त त्यात कोण बसणार ते मी सांगते."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजी ही आमच्या म्होरं जाणार?"

मॅडम म्हणाल्या, "पुढं नाही पाटील, तुमच्यासंगट. तुमच्याच मानात."

पाटलांनी हाक मारून ट्रॅक्टरची बॅटरी बदलायला सांगितली. तो त्यांचा होकार होता!

आणि मॅडमनी तालमीचा दिवस ठरवला खांदेमळणीचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलांना धुतो, हळद-तूप लावून त्यांचे खांदे मळतो आणि कानाशी जाऊन म्हणतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मॅडम म्हणाल्या, त्याच संध्याकाळी, आम्हाला न्यायला नेमलेल्या ज्याच्या-त्याच्या जोडीदारानं आमच्या घरी यायचं आणि हेच आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम, मग शाळेत सगळ्यांचं जेवण. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, मॅडम, आम्ही काय बैल आहोत? मॅडम म्हणाल्या, "या गावात बैलाला जेवढ्या आदरानं बोलावतात तेवढं माणसाला बोलावलेलं मी तरी पाहिलं नाही. तेवढं तरी घेऊ या." दरवर्षी तालीम झाली. दरवर्षी पुरणपोळी झाली. बाहेरगावचे लोक हसायचे, की या गावात पुराचा पण सण करतेत.

मग गेल्या पावसाळ्यात खरं पाणी आलं.

दुपारची वेळ होती. मी नवरात्राच्या साड्यांना फॉल लावत बसलेले. भोंगा वाजलेला नव्हता, कुणाचा फोन नाही, काही नाही. भुजंगभाऊ नदीकडून धावत आले आणि माझ्या दारात उभे राहून दोन्ही तळहात गळ्यापर्यंत नेले. पुन्हा नेले. पूर्वी असं कुणी केलं असतं तर लोक म्हणाले असते, याला काय झालं. त्या दिवशी समोरच्या घरातल्या सुनेनं ती खूण पाहिली, तिनं शेजारणीला केली, तिनं पुढं केली. पंचायतीत खबर पोचून भोंगा वाजायच्या आधीच आमची गल्ली जागी झाली होती! भुजंगभाऊ, तुम्ही मागं बसलात, मला दिसताय. मंडळी, त्यांच्यासाठी टाळ्या हवेत वाजवा, असे हात वर करून हलवा. हां! अशी दिसली पाहिजे टाळी. शेठजी, तुम्ही पण.

पाणी उंबऱ्याला लागलं आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर आला. पहिल्या हिसक्यात सुरू झालेला. पाटील स्वतः खाली उतरले, गुडघाभर पाण्यातून माझ्या दारात आले. पाहते तर मागं सगळी गल्ली उभी, बोचकी डोक्यावर, कुणी पुढं जाईना. माझ्या तोंडात जुनं वाक्य आलंच होतं, आधी लेकरंबाळं न्या. ते मला बोलूच दिलं नाही. जन्मभर मला "ए दैवशाले" म्हणणारा हा माणूस, हात जोडून म्हणाला,

"दैवशालाबाई, आवतण घ्या. शाळेत जेवायला या."

मंडळी, मी रडले. आज कबूल करते, पाण्याला भिऊन नाही रडले. वडील गेल्यापासून माझ्या दारात मला घ्यायला कुणी असं आलं नव्हतं. आवतणाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. मी खुंटीवरची पिशवी घेतली आणि निघाले. आधी चाकं, मंग बाई! कुणीतरी मशीनकडं बोट केलं. मी म्हटलं, "राहू द्या ते." ते वाहून गेलं. जाऊ द्या. चाकं माझ्याजवळ होती.

उषाबाई खांद्यावर हात ठेवून ताठ चालत आल्या, दोन्ही पायांत चप्पल. भुजंगभाऊंना त्यांच्या शेळ्यांसकट घेतलं. आम्हा सगळ्यांना घेऊन पाटलांचा ट्रॅक्टर वेशीतून पहिला गेला, आणि त्याच्या मागं गाव चालायला लागलं. कुणी थांबलं नाही, ढकलाढकली नाही, कारण पहिला मान गेला होता, आता वाट सगळ्यांची होती. सांजेला पाणी माझ्या खिडकीवर होतं. आणि माणसं? एक माणूस गेला नाही. एकसुद्धा नाही!

पुढचं तर याहून भारी आहे. आम्ही पहिले पोचलो, म्हणजे शाळा आमच्या ताब्यात! मी या फाटकाशी खुर्ची लावून बसले आणि कुणी कोणत्या वर्गात जायचं ते सांगत राहिले. उषाबाईंनी चूल मांडून घेतली. भिजून, कुडकुडत आलेल्या पाटलीणबाईंच्या हातात पहिला चहा उषाबाईंनी दिला. ज्यांचा नंबर शेवटचा असं गाव पूर्वी धरून चालायचं, ते त्या दिवशी यजमान होते. माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं कधीच वाटलं नाही. मॅडम, हे तुमचं काम. तुम्ही मानेनं नाही म्हणताय, पण तुमच्या तोंडावर सांगायला आज मला माईक मिळालाय आणि तो मी सोडणार नाही.

आता मॅडम त्यांच्या घरी, परतूरला चालल्या. त्यांचे गुडघे अलीकडं फार दुखतात. आज व्यासपीठावर येताना पायऱ्या सोडून त्या माझ्या मागं याच रॅम्पवरून आल्या, काठी टेकत, खांद्यावर हात ठेवून. खांदा माझा होता. मला तर त्याचा अभिमान वाटला.

अध्यक्षमहोदयांनी मला बोलू दिलं, मध्येमध्ये स्वतःवरचं हसू पण सोसलं, त्यांचे आभार. शेठजींचे, त्यांच्या फळीचे आभार. आपण सगळ्यांनी उन्हात बसून ऐकलंत, आपले उपकार. शिवणाऱ्या बाईचं बोलणं आहे, कुठं टाका सैल पडला, कुठं जास्त ओढला गेला असेल, तर आपल्याच घरचं कापड समजून सांभाळून घ्या.

एकच काम राहिलं. पाटील, तुम्ही उठू नका, या वेळी मी देते.

प्रभावती मॅडम, आज आवतण घ्या. पोळ्याला शाळेत जेवायला या. पाटलांचा ट्रॅक्टर परतूरला येईल, फळी सोबत असेल. आणि तुम्ही आल्याशिवाय या वेशीतून गाव हलणार नाही.