तांबडीचं दूध

जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. शेजारी दोघी गोठेवाल्या. थोरलीच्या हातात दुधाची बाटली. धाकटीने तिला विचारलं,

“मावशी, गाय घरी आणि दूध दवाखान्यात?”

“तपासायला आणलंय. तांबडीची कास पुन्हा दगडासारखी झालीय. सडात ट्यूब सोडली, पण या खेपेला ढिम्म फरक नाही.”

“मागे तर त्याच ट्यूबने सूज उतरली होती.”

“उतरली, म्हणून मी थांबवलं. उरलेल्या ट्यूबा काळीला वापरल्या.”

“अहो, अर्धवट सोडलं की जंतू औषधाला सरावतात. डॉक्टर कानीकपाळी ओरडतात ना?”

“पटलं गं आता. म्हणून तर कुठलं औषध लागू पडतं ते बघायला आले.”

“आणि औषध चालू असतानाचं दूध? डेअरीला नाही ना घातलंत?”

“छे! थेंबभरसुद्धा नाही. लोकांच्या पोरांच्या पोटात औषध घालू होय? आजवर कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही मी.”

“मग ओतून दिलंत?”

“एवढं दूध ओतवतं का? घरीच ठेवलं. नातवंडं खूश होती, रोज पोटभर मिळालं.”