पोरगा बोलतो का?

अगं, धुळ्याला माझी बालरोगाची प्रॅक्टिकल होती ना, तेव्हा मी नापास होता होता वाचले. परीक्षक पुण्याकडचे, डोक्यावर एक केस नाही, आणि माझ्या आधीच्या दोघींना रडवून मोकळे झालेले. मला मिळाला पिंपळनेरकडचा तीन वर्षांचा पोरगा, खोकल्यासाठी ॲडमिट झालेला.

"याच्या बोलण्याची वाढ कशी आहे?" सरांनी विचारलं.

"वयाप्रमाणे आहे, सर. पूर्ण वाक्यं बोलतो."

"तू स्वतः ऐकलीस?"

"नाही सर, आई सांगते."

"बठ्ठा दिन बडबड करस," आई लगेच अहिराणीत म्हणाली, म्हणजे दिवसभर बडबड करतो.

सर खाली वाकले. "बाळा, तुझं शुभनाव काय?"

पोरगा गप्प.

"तुला कोणतं फळ आवडतं?"

तरी गप्प. सर माझ्याकडे वळले. "याला बोलता येत नाही आणि तुला तपासता येत नाही."

तेवढ्यात सरांनी आपला गारठलेला हात पोराच्या उघड्या पोटावर ठेवला आणि दाबला.

"ओ टकल्या, हात काढ! नहीतर तुनी मायले सांगसू!"

आईनं पदर तोंडात कोंबला.

"काय म्हणाला हा?" सरांनी मला विचारलं.

"हात काढा, नाहीतर तुमच्या आईला सांगीन, असं म्हणाला, सर."

"आणि पहिला शब्द?"

मी नुसती स्टेथोस्कोपशी चाळा करत उभी.

सरांनी डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे. तो शब्द आमच्याकडेही हाच आहे. जा, वाक्य पूर्ण होतं."