रत्नमालेचे सहा कागद

जमलेल्या सगळ्यांनो, आणि मावशी, रत्नमालेच्या आई,

तीस वर्षं वर्गात बोलत आलो. आज मात्र लिहून आणलं आहे. सांभाळून घ्या.

रत्नमाला आपल्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची सहायक. मी इतिहासाचा मास्तर. बोरगाव मेघेहून ती सायकलनं यायची, सगळ्यांच्या आधी. लॅबच्या कॉम्प्युटरांवर लिनक्स ही नवी प्रणाली आली, तेव्हा एकेक प्रोग्राम बसवायला इंग्रजीत लांबलचक हुकूम टाइप करावा लागे. मुलं घाबरत. म्हणून तिनं पडद्यावर एक खिडकी बनवली. तिच्यात प्रोग्रामांची यादी दिसे. हवा त्यावर खूण करायची, बटण दाबायचं. त्याला आणखी जे लागेल ते खिडकीच शोधून बसवी. हे तिला कोणी शिकवलं नाही. स्वतः शिकली.

एकदा स्टाफरूममध्ये मी रोमन लोकांच्या पोर्टिकसबद्दल सांगत होतो. रांगेनं खांब, वर छप्पर, एक बाजू उघडी. ऊन लागलं, पाऊस आला की लोक तिथं थांबत. ती दाराशी उभी होती.

"त्याले दार नसे का, सर?"

"त्या बाजूनं नसे."

"मंग कोनी हटकत नसन." मग म्हणाली, "माह्या आजीले कोनी सावलीत उभं राहू देत नव्हते."

दुसऱ्या दिवशी तिच्या खिडकीच्या माथ्यावर नाव होतं: पोर्टिकस.

मग तिनं खिडकीत दिसणारी सगळी वाक्यं उतरवलेले सहा कागद मला दिले. "यातले इंग्रजी वाक्यं मराठीत करून द्या, सर. पोरायले समजन असे." मी म्हटलं, देतो. आणि दिले नाहीत. पेपर तपासायचे होते, घरी लग्न होतं. तीन महिने गेले. रोज नमस्कार करायची, पण कागदांचं एकदाही विचारलं नाही. का नाही विचारलंस गं?

मग तिला ताप आला. चौथ्या दिवशी मला कळलं, दवाखान्यात आहे, शुद्ध नाही. मी तसाच बसलो आणि ते काम केलं. दोन तास लागले. फक्त दोन तास.

कागद घेऊन गेलो. तिच्या उशाशी वाचू लागलो. 'हा प्रोग्राम बसवायचा का?' 'आणखी दोन गोष्टी लागतील. आणू का?' 'काम झालं.'

मावशी, तुम्ही विचारलं, "काय वाचून राह्यले, सर?"

मी म्हटलं, "हिचंच काम आहे."

"वाचा मंग. आयकत असन."

मी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. तिनं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती गेली.

ती वाक्यं लॅबच्या मॅडमनी खिडकीत टाकली. काल पहिल्या वर्षाच्या मुलींनी ती खिडकी उघडली. कसं करायचं, हे एकीलाही विचारावं लागलं नाही.

मावशी, उशीर माझा होता. हे तुमच्यासमोर कबूल करायला आलो. आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. कोणी काही बोलू नका. मला तिची माफी मागायची आहे.