स्कार्फवाल्या बाया

मनकर्णा : थांब, थांब. मला नीट सांग. मागच्या वर्सी प्रदर्शनात तुजं चित्र आन तिचं चित्र, दोनी सारकीच?

बुद्धप्रिया : हुबेहूब, आत्या. तोच तलाव, तोच चंद्र, कडेला तीच होडी. हॉलच्या एका भिंतीवर माझं, समोरच्या भिंतीवर पायलचं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली पायल की, बँकेत आहे ती.

मनकर्णा : तिनं तुजं बगून काढलं व्हतं?

बुद्धप्रिया : नाही गं. दोघींनी मोबाईलवरच्या एकाच व्हिडिओवरून काढलं होतं. लोक इकडून तिकडं माना वळवून बघायला लागले. एक आजोबा तर दोन्ही होड्यांमधले फरक शोधत बसले, पेपरातल्या कोड्यासारखे.

मनकर्णा : हसू आलं म्हून राग नगं धरू बाई. मंग तू काय केलंस?

बुद्धप्रिया : चित्र उतरवलं आणि सरळ घरी आले. रंग, ब्रश, सगळं माळ्यावर टाकलं. प्रदीप म्हणाला, एवढं काय मनाला लावून घेतेस, दुसरा व्हिडिओ शोध. त्याच्यावरच चिडले.

मनकर्णा : नवऱ्याचं काय चुकलं त्यात? तळ्याचं चित्र तळ्यासारकंच निगनार की.

बुद्धप्रिया : तसं नाही, आत्या. दिवसभर मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. घरी आलं की स्वयंपाक, पोराचा अभ्यास. संध्याकाळी थोडा वेळ चित्र काढायचे, तेवढंच माझं, असं वाटायचं. आणि त्या दिवशी कळलं, तेही माझं नव्हतं. तसला तलाव मी जन्मात बघितलेला नाही.

मनकर्णा : ...व्हय. हे मातर खरं बोललीस. (भिंतीला टेकवलेलं एक चित्र उचलून) आन मंग ह्या बाया कुटनं आल्या? हिचं तोंड कुटं हाय?

बुद्धप्रिया : स्कार्फच्या आत. सगळ्या तशाच आहेत, बघ की. मे महिन्यात मी गाडीवरून कामावर निघाले होते. सात रस्ता चौकात सिग्नल लागला. ऊन असं, की गाडीच्या सीटला हात लावता येईना. शेजारी एक बाई थांबलेली. तोंडाला स्कार्फ, हातात पांढरे मोजे, पायाशी भाजीची पिशवी. फोन स्कार्फमध्येच खोचलेला, आणि कुणाशी तरी बोलत होती. तोंड दिसतच नव्हतं, पण डोळे नुसते हसत होते. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी आपली तिच्याकडंच बघतेय.

मनकर्णा : आन घरी येऊन काढलीस.

बुद्धप्रिया : आधी माळ्यावर चढले. धूळ झटकली. दोन-तीन रंग तर वाळून दगड झाले होते.

मनकर्णा : पर समद्याच बायांची तोंडं झाकलीस. येकीचं तरी उगडं ठिवायचंस.

बुद्धप्रिया : खरं सांगू? मला नाक जमत नाही. प्रदीपचं चित्र काढलं होतं, तर त्याला वाटलं, मी त्याच्या मामाचं काढलंय.

मनकर्णा : मंग हे बरं गावलं तुला.

बुद्धप्रिया : होय की, सुरुवातीला पळवाटच होती. पण नाक-तोंड झाकलं की डोळ्यांकडं बघावंच लागतं. लॅबमध्ये बाया येतात, सुई टोचताना कोणी कपाळाला आठ्या घालतं, कोणी एकच डोळा मिटतं, कोणी सुईकडं टक लावून बघत बसतं. रोज समोर होतं हे. मी हाताची शीर शोधायचे आणि पुढच्याला बोलवायचे.

मनकर्णा : आन पाटीमागं काय न्हाईच काढलं? नुसतं पांढरंफटक.

बुद्धप्रिया : भर दुपारी सिग्नलला तेवढंच दिसतं, आत्या.

मनकर्णा : व्हय गं. डोळं दिपत्यात बग. कालच्या प्रदर्शनात हीच लावलीस व्हय?

बुद्धप्रिया : हीच. लावेपर्यंत सारखी बाकीच्या भिंतींकडं बघत होते, कुठं आणखी एखादी स्कार्फवाली नाही ना. मग एक बाई आल्या. चित्रापुढं उभ्या राहिल्या, पर्समधनं स्कार्फ काढला, तोंडाला गुंडाळला आणि लेकीला म्हणाल्या, "बघ, मीच आहे ही." तर पलीकडची म्हणते, "अहो, हा स्कार्फ माझा आहे." दोघी भांडायच्या बेतात होत्या.

मनकर्णा : खरी कोन व्हती त्यातली?

बुद्धप्रिया : कुणीच नाही. पण मी दोघींनाही तसंच वाटू दिलं.

मनकर्णा : बेस केलंस. आन ती पायल? आली व्हती का न्हाय?

बुद्धप्रिया : आली होती. बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, ह्याचा व्हिडिओ कुठला?"

मनकर्णा : अगं बाई.

बुद्धप्रिया : मी म्हटलं, "व्हिडिओ नाही गं. सात रस्त्याचा सिग्नल." आधी हसली. मग डोळे भरून आले तिचे. मागच्या वर्षी त्या दिवशी माझ्यापाठोपाठ तिनंही आपलं चित्र उतरवलं होतं, आत्या. मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून तिनं ब्रश हातात धरलेला नाही.

मनकर्णा : मंग तिला बी शिकीव की ह्या बाया काढायला.

बुद्धप्रिया : नको. पुन्हा समोरासमोर भिंतीवर लागतील. शिवाय तिला नाक छान जमतं, तिनं कशाला झाकायचं? तिचं तिला सापडू दे. उद्या रविवार आहे, दोघी गाडीवर बाहेर पडणार आहोत. कागद नाही, रंग नाही. नुसतं बघायला.

मनकर्णा : काय बगायला?

बुद्धप्रिया : ते ठरवलं नाही.

मनकर्णा : मंग येळ लागंल. दोगींचा डबा बांदून देते.